पटावरची दोन नावं

आमच्या बेल क्रॉसिंगच्या शाळेत गेल्या एकतीस वर्षांत जे जे मूल आलं, ते आधी ऑझेला मॅकीव्हरच्या काउंटरसमोर उभं राहिलं. कुणाचं नाक वाहतंय, कुणी आजीच्या झग्यामागे दडलंय, कुणाच्या बुटांच्या नाड्या सुटल्यात. काउंटर उंच, त्यामुळे पलीकडून ऑझेलाला नुसते केसांचे भांग दिसायचे. मग ती पुढे वाकायची आणि विचारायची, "कोणाचा रे तू?" तिला नाव नको असायचं, घर हवं असायचं. पोराने घर सांगितलं की आईची, मामाची, तुरुंगातल्या काकाची सगळी हकीकत तिच्या डोळ्यांपुढून सरकायची आणि मग ती म्हणायची, "बस तिथे. तुझ्या आईला शाळेतलं दूध पचायचं नाही. तुला पचतं का?"

तिला खरं तर मास्तरीण व्हायचं होतं. कॉलेज झालं, पण शिक्षकाच्या परवान्याची परीक्षा तिने तीनदा दिली आणि तिन्ही वेळा हुकली. शेवटच्या खेपेला दोन गुणांनी. नवरा क्लीव्हन म्हणाला, "अगं, दोन गुणांसाठी कुणी जीव देतं का?" तिने जीव दिला नाही, चौथ्यांदा परीक्षाही दिली नाही. शाळेच्या ऑफिसात चिकटली ती चिकटलीच. क्लीव्हन मासे साफ करायच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला आणि दोन वर्षांनी क्लीव्हनही गेला. त्यानंतर ऑझेलाला घर असं उरलं ते शाळेचंच.

आता तिच्या खोडीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्या खोडीचं आहे. आमच्याकडे शाळेत नाव घालायचं तर राहण्याचे दोन पुरावे लागतात. एक लाइट बिल आणि दुसरा भाड्याचा करार. ज्याने कोणी राजधानीत बसून हा नियम काढला, त्याच्या दाराला घर खाली करायची शेरीफची चिठ्ठी कधी लागलेली नसणार. इथे माणसं घर सोडतात ती एका दुपारी सोडतात, गादी गाडीच्या टपावर बांधून. दोन महिने बहिणीकडे, एक महिना मावशीकडे, मग फिरून इथेच. तोवर पोराचं नाव पटावरून कमी झालेलं असेल तर परत दोन कागद आणा. कुठून आणायचे? म्हणून ऑझेला कुणाचं नाव कमी करायचीच नाही. दुसऱ्या शाळेकडून त्या मुलाच्या कागदांची मागणी आली तरच. नाहीतर गैरहजेरीपुढे 'कळवले आहे' असं टाकायचं आणि जागा धरून ठेवायची. गावाला हे ठाऊक होतं. पण अळीमिळी गुपचिळी, त्यावर कुणी चकार शब्द काढायचं नाही.

ही खोडी तिला उपजत नव्हती, बरं का. बावीस वर्षांपूर्वी ती नियमाला धरून चालायची. दुसरीतली शरेल बूकर तीन आठवडे शाळेत आली नाही. ऑझेलाने नाव कमी केलं. कमी झालेल्या आणि दुसरीकडे कुठेच न घातलेल्या नावांची यादी आपोआप राज्याच्या हजेरी अधिकाऱ्याकडे जाते, तिथून बालकल्याणवाल्यांकडे. चौथ्या आठवड्यात शरेल परत आली. आई आजारी होती, एवढंच. आणि नेमक्या त्याच दिवशी दोन बायका सरकारी गाडी घेऊन आल्या. ऑझेलाने भोंग्यावरून हाक दिली, "शरेल बूकर, ऑफिसात ये." पोरगी उड्या मारत आली. तिला वाटलं, आई लवकर न्यायला आली. पुढची अकरा वर्षं ती पाच परक्या घरांत वाढली आणि अठराव्या वर्षी पोटात मूल घेऊन गावात परतली. तिने ऑझेलाला कधी बोल लावला नाही. तिला ते यादीचं माहीतच नव्हतं. ऑझेलाला माहीत होतं, आणि त्या दिवसानंतर तिने स्वतःहून एकही नाव खोडलं नाही.

असो. तर आमच्या शाळा-मंडळात आता ही एकच शाळा राहिली आहे. हायस्कूल सहा वर्षांपूर्वी बंद झालं, तिथली मुलं तेवीस मैलांवर क्लेरमाँटला जातात. राज्य दर वर्षी प्रत्येक मंडळाला श्रेणी देतं. क्लेरमाँटला ए. त्यांच्याकडे प्रत्येक वर्गाला दोन मास्तर आणि पोहायचा तलाव. आमच्याकडे चौथीला दोन वर्षं कायमचा मास्तर नाही. पण पेपर दोघांना एकच, दिवसही एकच. आम्हाला गेल्या दोन्ही वर्षी एफ, म्हणजे नापास. राज्याने लिहून कळवलं: यंदा तिसऱ्यांदा एफ आली तर मंडळ बरखास्त, राज्याचा माणूस येऊन कारभार हातात घेणार, आणि वर्षभराने शाळेला कुलूप. सहा वर्षांचं पोर पहाटे साडेपाचला बसमध्ये बसून तेवीस मैल जाणार. डी आली तरी पुरे होतं. फक्त डी.

त्या डीसाठी गावाने जिवाचं रान केलं. तिसरीच्या डेल्फिन गेन्सबाई शनिवारी चर्चच्या तळघरात वाचन घेऊ लागल्या. जेवणघरातल्या बायकांनी परीक्षेच्या आठवड्यात रोज सकाळी गरम मक्याची भाकरी द्यायचं कबूल केलं. पूर्वी पाद्रीबाबा परीक्षेच्या पेन्सिलींवर हात ठेवून प्रार्थना करायचे. आता परीक्षा कॉम्प्युटरवर, तेव्हा ते एकेका कॉम्प्युटरवर हात ठेवत गेले. एक कॉम्प्युटर त्यांनी हात ठेवताच बंद पडला. पोरं खिदळली तेव्हा ते म्हणाले, "त्याच्यात सैतान होता, गेला." ऑझेलाने त्या आठवड्यात स्वतःची गाडी काढून चौदा घरांतली पोरं उचलून आणली. एकाला तर अंथरुणातून, पायजम्यावर.

कारण नियम असा, की पटावरच्या शंभरातली पंच्याण्णव मुलं परीक्षेला बसलीच पाहिजेत. नाहीतर मंडळं कच्ची पोरं घरी ठेवतील आणि हुशार तेवढी बसवतील, म्हणून राज्याने ही मेख मारून ठेवलेली. कमी बसली तर मिळालेली श्रेणी एक पायरी खाली. ऑझेलाला हा नियम पाठ होता. शेवटच्या दिवशी तिने बोटांवर मोजलं: तिसरी ते सहावी दोनशे दहा, बसली दोनशे एक. नऊ राहिली, दोन इस्पितळात, बाकीची सात, एकाच घरातली, आजोबांच्या अंत्यविधीला दुसऱ्या राज्यात. पंच्याण्णवच्या वर. तिने हुश्श केलं आणि लाल सरबतात मुरवलेली एक काकडी दुकानातून आणून गाडीतच बसून खाल्ली.

जुलैत शाळा रिकामी असते. ऑझेला जुन्या फायली पुसत होती तेव्हा मंडळाचा सुपरिंटेंडेंट डॉक्टर पर्व्हिस टेटम आत आला. डॉक्टर म्हणजे औषधाचा नव्हे, शिक्षणाचा. पण 'डॉक्टर' म्हटलं नाही तर त्याचं तोंड एवढंसं होतं. ऑझेलाने त्याला चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलेलं. चारचौघांत ती त्याला डॉक्टर म्हणायची, एकट्यात पर्व्हिस; तो मात्र साऱ्या गावासारखा तिला मिस ऑझेलाच म्हणायचा. त्याने दार लावून घेतलं.

"निकाल आला?" तिने विचारलं.

"आला. डी."

तिने हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. "अरे, मग तोंड असं का केलंयस? डी आली ना?"

"गुणांनी डी आली. सी अकरा गुणांनी हुकली, मिस ऑझेला. गेन्सबाईंच्या वर्गाने तर कमाल केली." त्याने दुसरं पान पुढे सरकवलं. "हे वाचा."

पट दोनशे बारा. बसलेली दोनशे एक. टक्केवारी चौऱ्याण्णव पूर्णांक एक्क्याऐंशी. श्रेणी एक पायरी खाली. अंतिम श्रेणी एफ.

"दोनशे बारा कुठून आली?" ती म्हणाली. "दोनशे दहा आहेत. मी मोजलीत."

"कॉम्प्युटरवर बारा आहेत. ही बघा यादी."

यादीची गरज नव्हती. ती दोन नावं कोणती ते तिला कळलं होतं. शरेलच्या पोरी. पाचवीतली नोवेला आणि तिसरीतली ज्युबिली. फेब्रुवारीत शरेलला घर सोडावं लागलं, ती पोरींना घेऊन राजधानीकडे गेली, कुठल्याशा मोटेलमध्ये खोल्या साफ करायच्या बदल्यात राहायला खोली मिळाली म्हणून. ऑझेलाने नेहमीसारखं 'कळवले आहे' टाकलं आणि जागा धरून ठेवली. पण मोजताना ती पट कॉम्प्युटरवरून मोजत नसे, तोंडं आठवून मोजायची. दारातून आत येणारी तोंडं. त्या दोघी दारातून येत नव्हत्या, म्हणून तिच्या बोटांवर आल्याच नाहीत. एक नाव जरी कमी केलं असतं तरी पंच्याण्णवच्या वर जाता आलं असतं.

"पर्व्हिस," ती म्हणाली, "हे माझं काम आहे. मी केलंय हे."

त्याने यादीची घडी घातली. मग म्हणाला, "तक्रार करायला दहा दिवस आहेत. आईने लिहून दिलं की फेब्रुवारीतच गाव सोडलं, पोरींचं नाव तेव्हापासून कमी समजावं, तर कदाचित ऐकतील. खोटं तर काही नाही ना त्यात? गेलीच होती ती."

"खोटं नाही."

"मग सही आणा, मिस ऑझेला. तुम्ही मागितली तर देईल ती."

देईल, यात ऑझेलाला शंका नव्हती. तिच्या मनात दुसरंच होतं. नाव कमी झालं आणि पोरी दुसरीकडे कुठे घातलेल्या नसल्या, तर यादी आपोआप जाणार. ती आजही तशीच जाते. हे पर्व्हिसला माहीत नव्हतं, किंवा असेल तर त्याने विचारलं नाही. ऑझेलाने मनाशी म्हटलं, तीन आठवड्यांत शाळा सुरू होतात, शरेल पोरींना तिथल्या शाळेत घालेल, यादी हलायच्या आत सगळं निस्तरेल. माणूस स्वतःला किती छान समजावतो बघा.

शनिवारी सकाळी ती अडीच तास गाडी हाकत गेली. हायवेच्या कडेला मोटेल, दारं सगळी एका ओळीत, एका दाराशी पोछ्याची बादली. खोलीत नोवेला मोटेलच्या छोट्या वहीवर ज्युबिलीला शब्द लिहायला घालत होती. ऑझेलाला पाहून ज्युबिली पळत येऊन कमरेला बिलगली.

"तुम्ही इथल्या शाळेत नाव घातलंय ना गं?" ऑझेलाने विचारलं.

पोरींनी आईकडे पाहिलं. शरेल म्हणाली, "कशी घालू? इथेही दोन कागद मागतात. मोटेलवाला करार देत नाही, लाइट बिल त्याच्या नावाचं. कुणी विचारलंच तर मी सांगते, पोरी बेल क्रॉसिंगच्या पटावर आहेत, मिस ऑझेलांच्या शाळेत. इथे सुट्टीला आल्यात."

"फेब्रुवारीपासून सुट्टी?"

"विचारणारे एवढं कुठे विचारतात? आणि पटावर आहेत म्हटलं की पुढे जातात." ती हसली. "तुमच्या नावाचं वजन पडतं बघा, राजधानीत सुद्धा."

ऑझेलाला तिथेच परत फिरावंसं वाटलं. तिने पिशवीतून कागद काढला. बाहेर उन्हात गाडीचं बोनेट तापलेलं, त्यावर तिने कागदाखाली फाइल ठेवली.

"शरेल, शाळेसाठी एक सही हवी. तुम्ही फेब्रुवारीत गाव सोडलं, एवढंच लिहिलंय. नाहीतर शाळा जाते आहे."

"आपली शाळा? जाते म्हणजे?"

"बंद होते."

"अरे देवा. आणा इकडे." शरेलने कागद वाचला नाही. "तुम्ही म्हणाल तिथे. इथे का?"

"इथे. आणि खाली तारीख आणि इथला पत्ता."

यादीचं ऑझेला बोलली नाही. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य तोंडात आलं आणि तिने ते गिळलं. येताना तिने पोरींना वाटेतल्या दुकानातून पानात गुंडाळलेले मक्याचे गरम तामाले आणले होते, ते दिले आणि निघाली. परतीच्या वाटेवर तिने दोनदा गाडी बाजूला घेतली, कारण डोळ्यांना रस्ता दिसेना.

सोमवारी तिने स्वतःच्या हाताने कॉम्प्युटरवर दोन नावं कमी केली. दुसऱ्या शाळेने न मागता, बावीस वर्षांत पहिल्यांदा. आठव्या दिवशी राज्याचं उत्तर आलं, पाच ओळींचं. मुली परीक्षेच्या काळात राज्यातल्या दुसऱ्या कोणत्याही शाळेत नव्हत्या. नाव कमी केल्याची कॉम्प्युटरवरची तारीख जुलैची आहे. परीक्षेच्या दिवशी त्या तुमच्याच पटावर होत्या, म्हणून तक्रार अमान्य. खाली एका बाईची सही, नावाखाली फोन नंबर दिलेला. ऑझेलाने त्या नंबरवर फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "मॅडम, नियम सगळ्या मंडळांना सारखाच आहे." हे खरंच होतं. तिच्याशी भांडायला सुद्धा जागा नव्हती.

चर्चच्या मोठ्या खोलीत सभा झाली. डॉक्टर टेटमने आकडे सांगितले, म्हणाला, पटात गफलत झाली. मागून कुणीतरी विचारलं, "गफलत कोणी केली, डॉक्टर? नाव घ्या की." तो कागद चाळू लागला. तेव्हा ऑझेला उठली.

"मी. गेलेल्या दोन पोरींची नावं मी कमी केली नव्हती."

तिला वाटलं होतं लोक तुटून पडतील. तुटून पडले असते तर बरं झालं असतं. खोलीत कुणी कुणाकडे बघेना. पहिल्या बाकावरचा म्हातारा एझ्रा कॉब टोपी हातात फिरवत म्हणाला, "माझ्या नातवाचं नाव तू पाच महिने ठेवलं होतंस, ऑझेला. मी काय तोंडाने बोलू?" एकेक करून लोक उठले आणि घरी गेले. गेन्सबाई मात्र जागेवरच बसून राहिल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "माझ्या वर्गात सतरा मुलं पहिल्यांदा पास झाली. त्यांना मी काय सांगू ते तुम्हीच लिहून द्या, मिस ऑझेला." त्या रागावल्या नव्हत्या. फार दमल्या होत्या, एवढंच.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात राज्याची माणसं आली. डॉक्टर टेटमला घरी पाठवलं. ऑझेलाला वर्षभर ठेवलं, कारण फायली कुठे आहेत ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. पट मात्र तिच्याकडून काढून मिस प्रेंटिस नावाच्या एका तरुण मुलीकडे दिला. मुलगी भली होती. खोटं कशाला सांगायचं, ऑझेलाला ती आवडली. ती नम्रपणे बोलायची, पोरांना नावाने हाक मारायची, आणि दोन कागदांशिवाय एकही नाव घालायची नाही.

शाळेच्या पहिल्या दिवशी रांग दारापर्यंत होती. दहाच्या सुमाराला शरेल आली. पोरींच्या वेण्या नुकत्याच घातलेल्या, कपडे इस्त्रीचे. इस्त्री तिने कुठे केली असेल देव जाणे, गाडीच्या मागच्या काचेतून उशा आणि भांडी दिसत होती.

"मिस ऑझेला," ज्युबिली काउंटरवरून डोकं वर काढत म्हणाली, "माझा वर्ग कुठला? चौथी ना?"

ऑझेला मिस प्रेंटिसकडे वळली. "यांना मी ओळखते. आमच्याच आहेत. नाव घाला."

मिस प्रेंटिसने कॉम्प्युटरवर पाहिलं. "नावं जुलैत कमी झालीत, मॅडम. परत घालायला दोन पुरावे लागतील."

"माझ्या घरी राहतात त्या. माझा पत्ता लिहा."

"तसंही चालेल," मिस प्रेंटिस म्हणाली, आणि ती खरंच मदत करत होती. "स्वतःचं घर नसेल आणि दुसऱ्याकडे राहत असाल तर कागद लागतच नाहीत. आजच वर्गात बसवते. फक्त हा अर्ज आईने भरायचा." तिने अर्ज पुढे केला, वरती पोरींची नावं आपल्या सुबक अक्षरात लिहिली, आणि सहीच्या जागी फुली मारून पेन शरेलकडे दिलं.

अर्जाच्या मथळ्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: बेघर विद्यार्थी.

या वेळी शरेलने कागद वाचला. सगळा वाचला, शेवटची बारीक अक्षरं सुद्धा, ओठ हलवत. मग तिने पेन काउंटरवर ठेवलं.

"हा कुठे जातो?" तिने विचारलं.

"ऑफिसात राहतो," मिस प्रेंटिस म्हणाली. "आणि एक प्रत राज्याकडे."

"शरेल," ऑझेला म्हणाली, "हा तसला कागद नाही गं. याने कुणी कुणाला नेत नाही. मी सांगते ना. सही कर."

शरेलने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर ऑझेला आज जरा सुखाने झोपली असती. "मागच्या वेळी तुम्ही म्हणालात तिथे मी सही केली, मिस ऑझेला," ती हळूच म्हणाली, रांगेतल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "पंधरा दिवस झाले नाहीत आणि बालकल्याणची बाई दाराशी. तिच्या हातात यादी होती. यादीत पोरींची नावं. मी तिला म्हटलं, पोरी बेल क्रॉसिंगच्या पटावर आहेत. ती म्हणाली, नाहीत, शाळेनेच कळवलंय. दुसऱ्या दिवशी चार वाजता परत येते म्हणाली. आम्ही तीनलाच निघालो."

ऑझेलाने काउंटरवरचं पेन उचललं आणि परत ठेवलं.

"तुम्हाला ते यादीचं माहीत होतं का?" शरेलने विचारलं.

खोटं बोलायला तिला एक क्षण मिळाला होता. तिने तो घेतला नाही. "होतं," ती म्हणाली.

"आणि माझ्या वेळी, मला नेलं तेव्हा? तेही यादीमुळेच?"

ऑझेलाने होकाराची मान हलवली. तेवढ्यात मागचा कुणीतरी खाकरला. शरेलने नोवेलाचा हात धरला, ज्युबिलीचा धरला.

"माझ्या घरी तरी चल गं," ऑझेला म्हणाली. "किल्ली देते. कागद नको, काही नको."

"तुमच्या घरचा पत्ता त्यांना पहिला माहीत असेल," शरेल म्हणाली. ज्युबिली वळून वळून वर्गांच्या दारांकडे बघत होती, आईने तिला जरा ओढलं, आणि तिघी रांगेला वळसा घालून बाहेर पडल्या.

मिस प्रेंटिस अर्ज हातात घेऊन थांबली. "नावं लिहून झालीत वरती. ठेवू का? परत येतील त्या?"

"नाही येणार," ऑझेला म्हणाली.

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. रांगेतली पुढची बाई लेकराला पुढे ढकलत काउंटरशी आली. लेकरू कोण, कोणाचं, हे ऑझेलाने विचारलं नाही. तिने खुर्ची पुढे ओढली आणि त्या बाईकडे लाइट बिल मागितलं.